आधी पोरगा दाखवा

नाही, असं नाही घेता येणार. काउंटरवर ठेवा हवं तर, पण खुंटीला लावू नका — हो, दिसतोय मला बोर्ड, ‘अंधार पडण्यापूर्वी लाइफ जॅकेट आपापल्या खुंटीला लावावे’, माझ्या बापाचंच अक्षर आहे ते, खालचं हसरं बदकही त्यांनीच रंगवलंय — पण संध्याकाळी ऑफिसात मी बसते, आणि माझा नियम वेगळा आहे. आधी पोरगा दाखवा, मग जॅकेट लावा. कुठाय तो? — व्हॅनमध्ये, आईजवळ? आणि वहिनी त्याला घेऊन इथेच येतायत, आंघोळीला? मग बरंच झालं, न्हाणीघर या भिंतीच्या पलीकडेच आहे, इथूनच जावं लागतं. बसा तोवर. दुसरी घ्या, ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, गेल्या आठवड्यात एक गळवाले आजोबा तिच्यावरून पडले आणि पडल्यावरही हातातली गळाची काठी सोडली नाही त्यांनी. — हसा, दादा, हसायला काही हरकत नाही. माझ्यावरही हसा. मघाशी एक बाई मला म्हणाल्या, पोरी, तू जॅकेट परत घेत्येस की अटक करत्येस.

तुम्हाला आल्या आल्या सांगितलंच असेल बाबांनी. सगळ्यांना सांगतात. वाळूच्या बाजूला तंबूवाली कुटुंबं, लव्हाळ्याच्या बाजूला गळवाले, वर खडीवर तुमच्यासारखे व्हॅनवाले — आणि कुठूनही आलेलं असो, प्रत्येक पोराला एक जॅकेट, एक नंबर, एक खुंटी. दिवसभर वापरा, संध्याकाळी परत खुंटीला. मग बाबा इथे, तुम्ही बसलाय तिथेच उभे राहून भिंतीकडे बघायचे. सगळ्या खुंट्या भरल्या की घंटा वाजवायची, होड्यांना साखळी, धक्क्यावरचा दिवा बंद. ‘खुंट्या भरल्या, तळं बंद.’ असं म्हणायचे, आणि असे म्हणायचे की जणू तळं त्यांनीच खणलंय. लोकांना काय आवडायचं ते. शाळांच्या मास्तरीणबाई येऊन फोटो काढून न्यायच्या. कुणी विचारलं, अहो पण पोरंच का नाही मोजत, तर उत्तर तयार — पोरं हलतात, मोजता येत नाहीत, जॅकेटं हलत नाहीत. सगळे माना डोलवायचे. मोठ्या माणसांना भिंतीवर ओळीत लावलेली गोष्ट दिसली की फार बरं वाटतं. तुम्हालाही वाटलं ना सकाळी? वाटलंच असणार.

त्याला हात नका लावू. ते शेवटचं. — ओलं आहे, माहितीये. छत गळतं तिथे. — हो, पाऊस नाहीये, आठवडाभर नाहीये, मग दव पडत असेल, मला काय ठाऊक. भाड्याने नाही देत ते. आकाराने तुमच्या पोराला बरोबर बसलं असतं, मान्य, सकाळी तो त्याच्याकडेच बघत होता, बाबांनी त्याला मुद्दाम मोठं दिलं. बेल्ट आवळून आवळून बांधले त्याचे, मी बघत होते. दुसऱ्याच्या पोराचे बेल्ट बघा कसे बांधतात.

माझ्या भावाचं आहे. बगळ्या म्हणायचो आम्ही त्याला. पाय हे एवढे काडीसारखे, आणि पाण्याच्या काठाला एक पाय पोटाशी घेऊन तासन्‌तास उभा राहायचा, मासे बघत. शेवटची खुंटी त्याची, कारण घरचं पोर शेवटी, पाहुण्यांची पोरं आधी, हा आणखी एक नियम. आता ऐकायचंच असेल तर नीट ऐका, कारण या तळ्यावर कुणालाही विचारलंत तर सांगतील की पोरगा खोडकर होता, कुणाचं ऐकायचा नाही. माझा काका सांगेल, तो वरच्या गेटवर बसतो, तुम्हाला पावती देणारा तोच, तो तर हात जोडून सांगेल. खोटं आहे. तो ऐकणारा होता. एवढा ऐकणारा पोरगा तुम्ही बघितला नसेल. त्या दुपारी याच काकाने त्याला सगळ्यांसमोर झापलं — जॅकेट धक्क्यावर टाकून आलास, पुन्हा दिसलं तर होडीत बसवणार नाही. आणि आईने बजावलेलं की बादलीतले मासे संध्याकाळच्या आत सोडून द्यायचे, बादलीत मरू द्यायचे नाहीत. दोन सांगणी. दोन्ही ऐकली त्याने. संध्याकाळी आला, जॅकेट काढलं, खुंटीला लावलं, बोट उंच करून काकाला दाखवलंसुद्धा — बघ, लावलं. आणि मग बादली घेऊन धक्क्यावर गेला, मासे सोडायला. खोडकर असता तर जॅकेट घालूनच गेला असता ना. किंवा गेलाच नसता. मेले असते मासे.

बाबा आले, भिंत बघितली. भरलेली. घंटा वाजवली, होड्या बांधल्या, दिवा बंद केला. हो, धक्क्यावरचा. तेव्हा तो धक्क्यावर होता की पाण्यात होता ते कुणालाच माहीत नाही, मी विचारलंय, हज्जारदा विचारलंय. आम्ही जेवायला बसलो, मी म्हटलं, बगळ्या कुठाय. शाळेत होते मी, फार लहान नव्हते, नीट बोलता येत होतं मला. बाबा म्हणाले, जॅकेट आलंय त्याचं. म्हटलं, जॅकेट आलंय, पण तो कुठाय. काका म्हणाला, तंबूंत असेल कुणाकडे, पाहुण्यांच्या पोरांत, तू जेव, शहाणपणा करू नकोस. आई उठली आणि इथे येऊन बघून गेली — काय बघितलं? खुंटी बघितली. जॅकेटला हात लावून बघितला, ओलं होतं, म्हणजे आत्ताच आलाय बाहेर, म्हणाली, आणि बसली वाढायला. ओलं होतं म्हणून. तीन मोठी माणसं, आणि तिघंही एका जॅकेटवर निर्धास्त. त्यांना शोधायला सांगायला मला किती ओरडावं लागलं असेल, तुम्ही विचार करा. शेवटी निघाले बॅटऱ्या घेऊन, तर आधी तंबू. तंबू, मग व्हॅनी, मग झाडं. पाणी सगळ्यात शेवटी, कारण तळं बंद झालं होतं ना. उजाडल्यावर एका गळवाल्याची दोरी जड लागली. तो माणूस अजून येतो दरवर्षी. पाण्याकडे पाठ करून बसतो नुसता. त्याला कोणी काही म्हणत नाही.

पाणी देऊ का तुम्हाला? — नको तर नको. वहिनींना वेळ लागतोय जरा. पोराला आंघोळीला आणायचं म्हणजे लागतोच.

नाही, बंद कशाला करतील. पुढच्या मोसमाला खुंट्यांना नवा रंग. मी वेडी झाले होते ते बघून. म्हटलं बाबा, या भिंतीनेच मारलं त्याला, आणि तुम्ही तिला रंग देताय? तर म्हणाले, पद्धत चुकीची नव्हती. एवढंच. त्याच्यावर एक शब्द नाही, आजतागायत नाही, डोळ्यांत पाणी नाही. एक केलं फक्त, तळ्यात पाय घालणं सोडलं. घोट्याएवढ्या पाण्यातली होडी सोडायलासुद्धा कुणाला तरी हाक मारतात. लोकांना वाटतं, मालक आहेत. मी म्हणते, भित्रे आहेत. तोंडावर म्हणते. ऐकून घेतात आणि साखळ्यांना तेल देत बसतात.

आणि आई — आता सांगतेच, कुणाला सांगत नाही — छत गळत नाही. आई रोज पहाटे ते जॅकेट काढायची, तळ्यावर न्यायची, बुडवायची आणि परत आणून लावायची. रोज. पाहुणे उठायच्या आत. मी एकदा मागोमाग गेले, म्हटलं, हे काय करतेस, तर म्हणाली, वाळून चालायचं नाही. ओलं आहे म्हणजे आत्ताच बाहेर आलाय. असं म्हणाली, शांतपणे, जसं दूध नासू नये म्हणून तापवावं तसं. मी कॉलेज सोडून आले ते त्यामुळे. सगळे म्हणाले, आयुष्याचं वाटोळं केलंस, हुशार होतीस. काका तर अजून पाहुण्यांना सांगतो, आमची पोरगी नापास झाली. नाही झाले. पण तिकडे वर्गात हजेरी घ्यायचे आणि माझ्या डोक्यात इथली भिंत यायची. कुणीतरी इथे बसून पोरं मोजायला नकोत का? हलतात तर हलू देत.

आईला मावशी घेऊन गेली. गेल्या हिवाळ्यात. बरं झालं, तिकडे तळं नाही, झोपते म्हणे. — तेच तर. तेच सांगणार होते. आई गेली, आणि हे अजून ओलं असतं. आत्ता तुम्ही हात लावलात ना. रोज सकाळी असं. मी नाही करत. शप्पथ नाही. मी कशाला करेन, मला तर ते जाळून टाकायचंय, फक्त हात पुढे होत नाही. आणि बाबा तर पाण्याजवळ — जाऊ दे. जुनं कापड असतं, आतला फोम पाणी धरून ठेवत असेल. एवढं धरतो का हो फोम? तुम्ही इंजिनियर आहात म्हणालात. इतके महिने? — नाही माहीत. चला, इंजिनियरलाही नाही माहीत. काय होतं, मी सकाळी कुलूप उघडते, पहिल्यांदा त्याच्याखालची फरशी बघते, आणि थेंब पडलेला असतो. रोज वाटतं आज नसेल.

या वहिनी, या. तुमचीच वाट — एकट्याच?

त्याला आणलं नाहीत? — यांच्याबरोबर आहे म्हणजे काय, हे तर माझ्यासमोर बसलेत केव्हाचे. दादा, तुम्ही म्हणालात आईजवळ. वहिनी, तुम्ही म्हणताय त्याच्या बाबांबरोबर आला. — नाही, जॅकेट नका दाखवू मला. दिसतंय जॅकेट. मला ते जॅकेट दाखवू नका. उठा. वहिनी, तुम्ही तुमची व्हॅन, पुन्हा, सगळी, पलंगाखाली, वर, सगळीकडे. दादा, तुम्ही न्हाणीघर आणि मग तंबू. नाही, पाणी आम्ही बघतो, पाणी आधी बघायचं, सगळ्यात आधी — व्हा बाजूला, घंटा तुमच्या मागे आहे. धक्क्याचा दिवा. कुणीतरी दिवा लावा रे. बाबा. बाबा, व्हॅनवाल्यांचा पोरगा नाहीये. — अहो, कुठे पळताय, बाबा, तुम्ही नका, तुम्हाला — आणि ते कशाला घेताय?

सापडला. वरच्या पलंगावर. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या. पांघरुणात. बघा, म्हणजे तुम्ही म्हणत होतात तेच खरं, व्हॅनमध्येच होता. झोपलाच कसा एवढ्या गोंगाटात, घंटा ऐकून तळ्यापलीकडचे लोक आलेत. नका मारू त्याला. दादा, नका, त्याने काही केलं नाहीये, तो झोपला होता. वहिनी, रडा, इथेच बसून रडा, मला चालतं. अरे, इकडे बघ. तुझं नाव काय रे? असू दे, नको सांगू. कान बघू. कोरडे आहेत. पाय बघू. कोरडे. ठीक आहे. आता लावा ते खुंटीला. लावा, लावा. पोरगा दाखवलात, झालं.

शेवटची खुंटी? हो, रिकामी आहे. बाबा ते घेऊनच गेले पळत.

नाही, तो आवाज त्यांचाच आहे. सगळे परत फिरलेत, काकाही वर गेला, बाबा तेवढे पाण्यात आहेत अजून. छातीपर्यंत गेलेत बघा, दिव्याच्या उजेडात दिसतंय, एका हातात जॅकेट वर धरलंय. त्या हाताला सवय दिसते. — सांगितलं हो, दादा. तुमचा पोरगा सापडला असं तिघाचौघांनी ओरडून सांगितलं, मीही सांगितलं खिडकीतून. ऐकू गेलंय त्यांना. मान हलवली त्यांनी.

तुमच्या पोराला हाका नाही मारत ते.

तुम्ही जा आता. जा ना. पोराला घ्या, व्हॅनमध्ये जा, दार लावून घ्या. उद्या सकाळी निघाल तेव्हा हात नाही केलात तरी चालेल. मला जरा तिकडे जायचंय, बाबा बाहेर येईपर्यंत.