धाकट्याला उडवतो

— ‘रविवारी सकाळी धाकट्याला उडवतो, म्हणजे एकदाचं...’ — एवढंच ऐकलं हो मी, पुढचं पाण्याच्या पंपाच्या घरघरीत गेलं. जिन्यात उभी होते — मुद्दाम नव्हे, पायपुसणं झटकत होते. तुमचे दादा वहिनींना सांगत होते. आता त्यांचा धाकटा म्हणजे तुम्हीच ना, भाऊजी? दुसरा आहे का कुणी? नाही. म्हणून तर काल फोन केला, की रविवारी इकडे फिरकू नका — आणि तुम्ही नेमके आलात. बरं, आलात तर माझ्याकडेच बसा, वर जाऊ नका. आईच्या आजारपणात तुम्हा भावांत जे शब्द गेले ते सगळ्या जिन्याने ऐकलेत. तेव्हापासून बोलणं नाही, आणि मनात धरून बसलेला माणूस कधी काय करेल, सांगता येतं का?

तुम्ही म्हणाल, विमानं करतात ते, रिमोटवरची, बॅटरीची. ठाऊक आहे, माझं वर जाणं-येणं असतं. पण खेळणं असं असतं होय? आधी साधं फोमचं होतं बिचारं. मग त्याचं पोट फाडलं, जुनी मोटर काढली — मरतुकडी आहे म्हणाले — आणि दुप्पट ताकदीची घातली. टेबलाला बांधून चालवली तर घरभर कागद उडाले, पुढचा पंखा नुसता सुरीसारखा. मी विचारलं, एवढा जोर कशाला? तर म्हणतात, ‘याला आता रडतखडत नाही, सरळ वर पाठवायचाय.’ वर पाठवायचाय, भाऊजी. वहिनी मात्र हसत होत्या — त्या चाकाच्या खुर्चीत बसून रंग लावून देतात, त्यांना काय कळतंय यांच्या पोटातलं.

आणि आज सकाळी तर खात्रीच झाली. वाटी परत द्यायला गेले, दादा आत टोपी शोधत होते, विमान टेबलावर, नाकाचं झाकण उघडं — आणि आत शिशाचा गोळा, चिकटपट्टीने बसवलेला. बंदुकीत घालतात तसलाच. मी काय करणार? काढला आणि झाकण लावून टाकलं. हा बघा. तुमच्या जिवासाठी काढला, आणि तुम्ही असे का बघताय माझ्याकडे?

तोल? कसला तोल? — हो, बॅटरी बदलली होती, हलकी घातली म्हणाले होते. म्हणून नाक हलकं झालं, म्हणून शिसं — आणि ते नसलं तर? नाक वर, शेपूट खाली, सांगितलेलं ऐकत नाही... आता हे मला कोण सांगणार होतं? पण दादा बघतील ना, दोन बोटांवर तोलून बघतात ते — काल बघितलं की, छान आडवं राहिलं होतं. काल. आज परत कशाला बघतील.

इथून दिसतं मैदान, या खिडकीशी. ते बघा, वहिनींची खुर्ची पुढ्यातच लावलीय, नीट दिसावं म्हणून. मोटर चालू केली वाटतं. पंखावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलंय, थांबा, चष्मा — ‘धाकटा’. अगं बाई. तुमचं नाव ठेवलंय हो त्याला.

मारा हाक, तुम्हीच मारा, माझा आवाज पोचायचा नाही. — ऐकली. वर बघतायत. केवढे हसतायत, इतक्या वर्षांनी ‘दादा’ कानावर पडलं म्हणून — हात करतायत तुम्हाला — अहो, त्याच हातात विमान होतं ना. सुटलं. नाक बघा, वर, अजून वर, वळलं — आणि ते अजून तुमच्याकडेच बघतायत. खुर्ची, भाऊजी, वहिनींची खुर्ची —

थांबला का हो आवाज? मला बघवत नाही. धाकट्याला उडवतो म्हणाले होते, ते काही मी खोटं ऐकलं नव्हतं. फक्त तुम्हाला... जा तुम्ही खाली. तो गोळा इथेच राहू द्या. माझ्याकडे आला होतात, हेही बोलू नका. जा ना, दार लावते मी.