टर्न म्हटलं आणि विहीणबाई फिरल्या

—नाही गं बाई, मी नाही हलवत, बोलताना तो हातच आपोआप हलतो. तू काढ मेंदी. पूजा ना तुझं नाव? हां, तर पूजा, काय सांगत होते—टर्न. मी आमच्या विहीणबाईंना म्हटलं, टर्न. चुकलं काय त्यात? परवा साखरपुडा झाला ना अमितचा, इथेच, ह्याच हॉलमध्ये, सोफा सरकवून—लिंडाबाई, म्हणजे मुलीची आई, कॅनडाहून आल्यात, तिडके कॉलनीत हॉटेलात उतरल्यात—तर त्यांच्या हातात मी ताम्हण दिलं, निरांजन, सुपारी, अंगठी, सगळं, अमितला पाटावर बसवलं, आणि आता म्हणायचं होतं, जावयाला ओवाळा. ओवाळाला इंग्रजी काय? सुचेचना. मी म्हटलं, टर्न, लिंडाबाई, टर्न! आणि त्या फिरल्या की गं! स्वतःभोवती! ताम्हणासकट! निरांजन पेटलेलं, ओढणी उडतेय, सुपारी गडगडत सोफ्याखाली, आणि आमचा नवरदेव पाटावर मान खाली घालून—हसत होता मेला! थांबल्यावर मला विचारतात कशा, ओके? आता काय सांगणार? म्हटलं, ओके.

हस, हस. सगळेच हसले. जाऊबाईंनी तर पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. आणि तिथल्या तिथे ठरलं—कोणी ठरवलं देव जाणे—की उद्या लग्नात माइक शेखरकडे. शेखर म्हणजे जाऊबाईंचा मुलगा, फाडफाड इंग्रजी बोलतो, तो पाहुण्यांना एकेक विधी समजावणार. आणि मी? नवऱ्या मुलाची आई मी, मी काय नुसती अक्षता वाटत फिरू? म्हटलं, बघतेच. परवापासून हे फिरण्याचे शब्दच घेऊन बसलेय.

आणि अगं, केवढा पसारा घालून ठेवलाय त्या लोकांनी! रोटेट म्हणजे आपल्या जागी, स्वतःभोवती. विहीणबाईंनी केलं ते रोटेट. रिव्हॉल्व्ह म्हणजे दुसऱ्याभोवती, उद्या होमाभोवती फिरतील ते. बरं, मग ऑफिसातली ती फिरणारी खुर्ची कोणाभोवती फिरते गं? तिला कशाला रिव्हॉल्व्हिंग? मी ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, चहा टाक. मग स्पिन. माझं माहेर येवल्याचं, आई रहाटावर रेशमाच्या कांड्या भरायची, मला वाटलं हेच स्पिन. तर अमित म्हणे, नाही, ते वाइंड, स्पिन म्हणजे सूत कातणं. म्हटलं, आपल्या वॉशिंग मशीनवर स्पिन लिहिलंय, ते काय सूत कातं? शर्टांची सुतं काढतं एवढं मात्र खरं. आणि ट्विस्ट—टॉवेल पिळला तरी ट्विस्ट, पाय मुरगळला तरी ट्विस्ट, आणि मालिकेत मेलेला नवरा दारात उभा राहिला तरी ट्विस्टच. टर्नचं तर विचारूच नकोस. गाडी वळली, टर्न. आपला नंबर लागला, टर्न. दूध नासलं, तरी टर्न! लिंडाबाई म्हणाल्या, क्लेअर टर्न्ड थर्टी—क्लेअर म्हणजे होणारी सून गं—मी म्हटलं ही पण फिरली का काय, आणि तीसदा!

अगं हो, हललाच हात. काय झालं त्या मोराचं? बदक दिसतंय. असू दे, बदक काय वाईट असतं?

पण ओवाळणं काही सापडलं नाही बघ. सर्कल म्हणावं तर कंपासपेटी उघडल्यासारखं वाटतं. आणि नुसतं ताट फिरवणं थोडंच असतं ते? समोरच्यावर जीव टाकलेला असतो आपण, त्याची इडापिडा टळो म्हणून फिरतो तो हात. हे कसं सांगायचं माइकवर, तेही वाजंत्री चालू असताना?

खरं सांगू? कोणाला बोलू नकोस. माइक घेऊन मला करायचंय काय? शेखर बोलेल, चांगलंच बोलेल. मला लिंडाबाईंना एकच सांगायचंय. अमितला ताप आला ना, तर तो सांगत नाही. चिडतो. घोडा झालाय, पण उगाच खेकसायला लागला की ओळखायचं, अंग गरम आहे. लग्न झालं की लगेच कॅनडाला निघायचंय दोघांना. परत कधी येणार विचारलं, तर म्हणाला, आई, भाजीत मीठ कमी आहे. घर घेतलंय तिकडे, लिंडाबाईंच्या मागच्याच गल्लीत. म्हणजे आजारी पडला तर त्याच जवळ. म्हणून त्यांना म्हणायचंय, बघा हो त्याच्याकडे. एवढंच. तर बघायलाही सी आहे, लुक आहे, वॉच आहे—पुन्हा तेच! मी सी म्हणायची आणि त्या नुसत्याच बघत बसायच्या. परवा नाही का फिरल्या?

रडत नाहीये मी. ते निलगिरीचं तेल घातलंयस ना मेंदीत, ते झोंबतंय डोळ्यांना.

बेल वाजली का? बसूनच राहा, दार उघडंच आहे. ढकला हो!—अगंबाई. लिंडाबाई! एकट्याच? रिक्षानं आलात? कम, कम. पूजा, सरक तिकडे, त्यांना बसू दे. सिट हं. लिंडाबाई, ते... माय अमित... फीव्हर... ही अँग्री... नाही, थांबा हं, ही फीव्हर, मग अँग्री... यू सी... नाही, लुक... पूजा, सांग ना गं, कॉलेजात जातेस ना तू—अहो, काय करताय, अहो, मेंदी ओली आहे माझी, दोन्ही हात—अहो, पांढरा ड्रेस तुमचा—आणि तुम्ही कशाला रडताय, तुमची लेक तर तुमच्याजवळच राहणार—अहो—

गेला ड्रेस. बघ, दोन्ही पंजे उमटले पाठीवर.

राहू दे. पुसू नकोस. पूजा, तू जा आता. नको उरलेली मेंदी. जा म्हटलं ना. आणि जाताना दार ओढून घे.