विंटेज म्हणजे काय?

जुन्या गाड्यांचं तर नावच काढू नका यार! आमच्या नंदूकाकांनी सरोजिनी नगरात एका क्वार्टरमागे वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडलेली दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार उचलून मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीत आणली. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, काका गाडीखाली गेले. इंजिनातून उंदरांची घरटी काढली, सीट स्वतः शिवल्या. अखेर एका रविवारी गाडी सुरू झाली आणि काका चक्क रडले. टाकीत पेट्रोल जेमतेम कोपऱ्यावरच्या पंपापर्यंत पोचण्याइतकं. काकू शेजारी बसली, मी मागून चालत.

पंपावरचा माणूस म्हणाला, "अंकल, पुरानी गाड़ी को तेल नहीं मिलेगा. सरकार का ऑर्डर है."

काका भडकले. "पुरानी नहीं, विंटेज है!"

"वो क्या होता है?"

"मतलब, बहुत ही पुरानी."

"फिर तो बिल्कुल नहीं मिलेगा."

बाटलीतही द्यायला तयार होईना. शेवटी काका आणि मी मिळून गाडी सोसायटीपर्यंत ढकलत आणली. स्टिअरिंगवर काकू. गेटात वळताना खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "अहो, मी उगाच नावं ठेवत होते. छान चालते की!"