बेगाइमने घातलेलं कुलूप

…आणि वर ती बेगाइम मलाच विचारते, "आजोबा, दिसेल त्याला हो का म्हणता?" आता तुम्हीच सांगा, दारात आलेल्याला नाही म्हणायचं कसं? आमच्या या डोंगरातल्या नारिन गावात वैरी जरी उंबऱ्यात उभा राहिला तरी नानचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय त्याला परत पाठवत नाहीत, आणि हे कॉम्प्युटरच्या पडद्यावर उगवलेलं तर किती आर्जवाने विचारत होतं, 'तुमचा कॉम्प्युटर पळवून दाखवू?' पळव बाबा! मग दुसरं आलं, 'हवामान सांगू?' खिडकीबाहेर बर्फ पडतंय ते मला दिसतं हो, पण कुणी आपणहून सांगतंय तर… तिसरी ती ल्यूबा, रोज नवा फोटो, 'तुझ्याच गावात आहे, एकटी आहे.' गावात एकटं कोण कोण आहे ते मला तोंडपाठ आहे, ही त्यात नाही!

तुम्हाला सांगतो, पोरगा रशियाला जाताना हे यंत्र ठेवून गेला, म्हणाला यातून रोज भेटू. त्याला कामातून उसंत कुठली? हे मात्र रोज हजर. शेवटी पडद्यावर वरच्या बाजूला पट्ट्यांवर पट्ट्या चढल्या, खाली बघायला चार बोटं जागा उरली, मेंढ्यांचं औषध शोधावं तर जुगाराचं पान उघडायचं.

मग बोलावलं बेगाइमला. बाजारात मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे तिची, जिभेला धार. तिने एकेकाला हुडकून हाकललं, ब्राउझरला चिकटलेलं सगळं उपटलं, पहिलं पान जागेवर आणलं. त्यातलं एक जाताना विचारतंय, 'आम्हाला खरंच काढताय?' मी म्हटलं, थांब गं, त्याला चहा तरी… तर ती हसली. या घरात कुणी हसलेलं किती दिवसांनी ऐकलं! मग बसली, वाटीमागून वाटी चहा प्यायली, अख्ख्या बाजाराच्या कुचाळक्या सांगितल्या.

पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा हजर. दारात आलेल्याला नाही म्हणायचं कसं? आणि एखादा आपणहून नाही आला, तर… जाऊन बोलावून आणावं लागतं, माणुसकी आहे की नाही? ती यायची, हाकलायची, चहा प्यायची. बरं चाललं होतं.

काल आली, पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आजोबा, ल्यूबाला तुम्हीच शोधून आणलंत. इथं सगळं दिसतं."

"बिचारी एकटी आहे ना गं गावात," मी म्हटलं. वाटलं, हसेल.

नाही हसली. कॉम्प्युटरला कुलूप घातलं, तिच्या पासवर्डशिवाय आता चिटपाखरू आत यायचं नाही. म्हणाली, निर्धास्त राहा, आता माझी गरजच नाही. चांगल्या मनाने म्हणाली हो! टपरी उघडी टाकून आली होती, चहाला थांबली नाही. उंबऱ्यातच नानचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, गेली. रीत पाळली, बोलणार काय?

आता पडदा कसा लख्ख. कुणी काही म्हणजे काही विचारत नाही. बसल्या बसल्या डोक्यात आलं, आमच्या कुत्र्याने वायर कुरतडली तर तिला यावंच लागेल! कुत्र्याकडे बघितलं. त्याने जांभई दिली… नुसत्या हिरड्या. मग मी आरशात बघितलं.

अहो, वायर चावायची म्हटली तरी या घरात दात असलेलं कुणी उरलेलं नाही.