पाच दिवसांपुरतं डायरेक्ट

गाव आमचं कणकवलीच्या पुढे, पण गावात मी राहिलो किती, मे महिन्याच्या सुट्टीत तेवढा. वडील मिलमध्ये होते, मिल बंद झाली तसे आम्ही कांदिवलीला आलो, मोठा भाऊ, म्हणजे दादा, ऑफिसात चिकटला आणि मी साकीनाक्याला एका वर्कशॉपात वायरिंग शिकलो. आता घाटकोपरला राहतो. इतकी वर्षं लोकांच्या घरातली कामं करतोय आणि खरं सांगू का, वीट आलाय या लोकांचा. टाईल्स भारीतल्या पाहिजेत, आणि अर्थिंगची वायर म्हटलं की विचारतात, लागते का ती.

काय सांगू तुम्हाला, साधी गोष्ट आहे. मेन स्विचच्या डब्यात एमसीबी असतो, लोड जास्त झाला की तो पडतो, तो वायर वाचवतो. आणि ईएलसीबी माणूस वाचवतो. जेवढा करंट गेला तेवढा परत आला पाहिजे, जरा कुठे गळला, पाण्यातून म्हणा, तुमच्या अंगातून म्हणा, की हा खटकन पडतो. म्हणजे पडतो तेव्हा तो काम करतोय ना, पण लोकांना वाटतं बिघडला. मग वायरमनला सांगतात, डायरेक्ट कर. म्हणजे ईएलसीबी बाजूला टाकून वायरचा तुकडा जोडायचा, लाईट जात नाही, सगळे खूश.

लोकांना कशाला नावं ठेवू, मी स्वतः केलंय. गणपती आमचे दादाकडे, पाच दिवसांचे. गेल्या वर्षी त्याने मखरात कारंजं लावलं, त्याच्या पंपात पाणी शिरलेलं, ऐन आरतीत काळोख, एकदा नाही, दोनदा. दादा म्हणाला, अरे मेल्या, तू वायरमन आसस मा, माझ्या गणपतीक काळोख, लोक हसतत, पाच दिवस डायरेक्ट करून टाक. मी म्हटलं पंप काढ, तर म्हणे कारंजा बघूक तर लोक येतत. आणि मी केलं, मोठा भाऊ, घरात पाहुणे, देवाचं काम. विसर्जन झाल्यावर म्हटलं आता तो तुकडा काढतो, तो म्हणाला ऱ्हवांदे रे, कटकट गेली. आणि मी पण राहू दिलं. शी, माझीच मला किळस येते.

दिवाळीनंतर वॉशिंग मशीनच्या पत्र्याला करंट यायला लागला. तिथल्या सॉकेटला वरचं मोठं भोक असतं ना, अर्थिंगचं, त्याच्यामागे वायरच नव्हती, भोक नुसतं शोभेला. वहिनी दादाला रोज सांगायची, करंट लागता ओ. दादा म्हणायचा, पायात चप्पल घाल, कायव होवचा नाय. नवीन रबरी चप्पल आणून दिली त्याने, आणि खाली पाट. जेवायला बसायचा पाट, त्याच्यावर उभी राहून ती बाई मशीनमधून कपडे काढायची, आणि मला कोणी एक फोन केला नाही. एक दिवस पाट ओला होता, पाय घसरला आणि तिने दोन्ही हातांनी मशीनच धरलं. शेजारणीने मेन स्विच पाडला म्हणून आज वहिनी आहे. डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत.

मी त्याच दिवशी तो तुकडा काढून ईएलसीबी चालू केला. अर्थिंग ओढायला भिंत फोडायला लागेल म्हटलं, दादा म्हणाला टाईल्स जातील. मशीनही दुरुस्त केलं नाही, प्लग काढून ठेवलाय, वहिनी त्या हाताने कपडे धुते.

आता या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी दादाने बोलावलं, कारंजं परत बाहेर काढलेलं. म्हणतो, पाच दिवस रे फक्त. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, करतो, पण आधी मशीनचा प्लग लावतो, तू चप्पल काढ, ओल्या लादीवर उभा राहा आणि मशीनला हात लाव.

दादा दोन पावलं मागे सरकला.

म्हणजे कळत होतं त्याला, इतके महिने सगळं कळत होतं. वहिनी दारातच उभी होती, तिने बघितलं. पुढे येऊन मखरातला पंप उपटला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

आरतीला गेलो होतो मी. वहिनीला उदंड आयुष्य दे, एवढंच मागितलं. दादासाठी काही मागावंसं वाटलं नाही, आणि माझ्यासाठी मागायची लाज वाटली.