ताईच्या प्रबंधातले तारे

...नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? बावीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासतोय मी, शब्दाला तारा असला की खाली तळटीप हवी, निदान 'अटी लागू' तरी हवं! आणि आमच्या ताईचा प्रबंध... संस्कृत, ग्रीक, लॅटिन या सगळ्यांची म्हणे एक पणजीभाषा होती, तिचे धातू आणि प्रत्यय... तुम्हाला सांगतो, पानोपानी तारे, आणि खाली? काही नाही! मी म्हटलं टायपिंगची चूक, संगणकाला एक हुकूम, तीनशे बारा तारे साफ! तीन प्रती छापून, बांधून, तोंडी परीक्षेच्या सकाळी ऐटीत ताईच्या हातात. यात माझं काय चुकलं?

ताईनं प्रत उघडली आणि मटकन बाकावर बसली.

"अरे, तारे कुठेत?"

"काढले! स्वच्छ केलं!"

"स्वच्छ? तारा म्हणजे कबुली असते रे! हा शब्द कुठे लिहिलेला सापडत नाही, नातलग भाषा ताडून आम्ही तो मागे जात जात बांधलाय! तारा नाही म्हणजे मी तो कानांनी ऐकून आले, असं झालं! माझी सहा वर्षं..." आणि डोळ्यांत पाणी! दाढ उपटतानाही न रडलेली बाई हो ती!

मग काय, दोन पेनं, दोन तास, काढलेले तारे पुन्हा काढत बसलो... बघा, पुसलं तरी 'काढलं', रेखाटलं तरी 'काढलं', पणजीचे धातू राहू द्या, आधी हा सोडवा! ताई पुटपुटतेय, "बापाच्या शब्दाला 'तर' प्रत्यय, आईच्या, भावाच्या, लेकीच्याही शब्दाला तोच, बहिणीच्याच नाही!"

"अन्यायच की हा!"

"बोलू नकोस, तारे काढ!"

तोंडी परीक्षा सुरू, मी मागच्या बाकावर. परीक्षक बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "हे तारे... हातानं काढलेत?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

"छपाईत गळले होते, बाई." नाव नाही घेतलं हो माझं!

"बरं. बहिणीच्या शब्दाचा शेवटचा तुकडा, त्याचा अर्थ नक्की?"

"नक्की नाही, बाई. म्हणून तर तारा."

बाईंनी चष्मा काढला. "शाबास! नक्की म्हणाली असतीस तर पुन्हा बोलावलं असतं. पास!"

हुश्श! दोन तास कोंडलेला श्वास असा सुटला की पुढच्या बाकावरचे कागद उडाले. मग आता सांगा, यात माझं काय...

"एकच दुरुस्ती," बाई म्हणाल्या. "आभाराचं पान."

नात्याचा शब्द दिसला की ठोक तारा, असा माझा सपाटा चाललेला, तिथेही ठोकला होता!

"'भाऊ' या शब्दाला तारा? म्हणजे हा भाऊ प्रत्यक्षात कुठे आढळत नाही?"

ताईनं मागच्या बाकाकडे बोट केलं. "आढळतो, बाई. दुर्दैवानं अजून प्रचारात आहे."

सगळं दालन हसलं. मीही हसलो... करतो काय, पास झाली होती ना ती!