एसटी का चुकली

राव, आमची बायको मंदा ओतूरला इंग्रजीच्या क्लासला जाती. परवा तिला आणायला गेलो, तर सर 'बिकॉज' शिकवत व्हते. प्रत्येकानं एक वाक्य लिहून वाचायचं व्हतं.

मंदानं वाचलं, "आय मिस्ड द बस बिकॉज ही वॉज स्टँडिंग देअर."

सर म्हणाले, "ही म्हणजे कोण?"

"आमचे हे. लग्नाआधी बोरीच्या फाट्यावर उभे व्हते. एसटी आली, पण मीच सोडली."

मला आजवर वाटायचं, एसटी चुकली म्हणून बिचारी नाइलाजानं माझ्यासंगं गावापर्यंत चालली.

घरी येताना उसाला तुरे आले व्हते, वारं मऊ व्हतं. गाडी आपोआप हळू झाली.

"इतकी वर्षं बोलली न्हाईस?"

मागून ती म्हणाली, "तुमी कारण कधी इचारलंत?"